पारखी राजा

तंबाखूच्या जगात चव आणि गंध यांची पारख हे एक स्वतंत्र शास्त्र मानले जाते. क्यूबातील पिनार देल रिओच्या लाल मातीत पिकलेल्या पानांचा चिरूट परीक्षकांसमोर येतो, तेव्हा आधी त्याच्या बाहेरच्या पानाचा रंग आणि तजेला पाहिला जातो. मग वळणाची सफाई, ओढ, धुराचा गंध, जिभेवर रेंगाळणारी चव आणि राखेचा घट्टपणा अशी एकेक कसोटी लागते आणि शंभरपैकी गुण दिले जातात. या परीक्षेचा एक नियम मात्र फार बोलका आहे. परीक्षकाच्या हाती चिरूट देण्यापूर्वी त्यावरची कंपनीच्या नावाची कागदी पट्टी काढून टाकतात. नाव दिसले की जीभ खोटे बोलू लागते, हा त्यामागचा अनुभव.

कोल्हापूरच्या मातीला ही पारख नवी नाही. कागलच्या पलीकडे निपाणीच्या वखारींतून विडीच्या तंबाखूची पाने उन्हाकडे धरून पाहणारे जाणकार पिढ्यान्‌पिढ्या झाले. पानाची जाडी, त्यावरचे ठिपके, पिवळसर सोनेरी छटा आणि चुरगळल्यावर येणारा उग्र वास यांवरून ते मालाची प्रत ठरवीत. शाहूपुरीच्या बाजारपेठेत गुळाच्या रव्याचा तुकडा मोडून जिभेवर ठेवणारे व्यापारीही त्याच परंपरेतले. परंतु वस्तूची पारख करताना वरची पट्टी काढावी, हा नियम माणसांनाही लावणारा एक राजा या करवीरनगरीत होऊन गेला. राजर्षी शाहू छत्रपती हे त्यांचे नाव. त्यांच्या सामाजिक कार्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्यातील पारखी माणसाकडे मात्र तुलनेने कमी लक्ष जाते.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. जन्मनाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. आईचे छत्र लहानपणीच हरपले. कोल्हापूरच्या गादीला वारस हवा होता आणि चौथ्या शिवाजी महाराजांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी या दहा वर्षांच्याही न झालेल्या मुलाला दत्तक घेतले. पुढे दोनच वर्षांत वडीलही गेले. राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि नंतर धारवाडला फ्रेजर या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. देशभरच्या प्रवासांत त्यांनी संस्थाने पाहिली, तशी खेडीही पाहिली. १८९१ साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली, तेव्हा ते अवघे एकोणीस वर्षांचे होते.

अधिकार हाती येताच वर्षभरात त्यांनी जे काम हाती घेतले, ते बाजारपेठेचे होते. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला होता. पंचगंगेच्या खोऱ्यातील ऊस आणि गूळ बाहेरच्या मुलखात जाण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली होती. परंतु माल आहे, गाडी आहे आणि पेठ नाही, अशी अवस्था होती. १८९५ मध्ये महाराजांनी रेल्वे स्थानकाजवळ शाहूपुरी ही नवी पेठ वसवली. व्यापाऱ्यांना जागा दिल्या, सवलती दिल्या. काही वर्षांतच कोल्हापूरचा गूळ हे नाव दूरदूरच्या बाजारात, विशेषतः गुजरातेत, मानाने घेतले जाऊ लागले.

गुळाची प्रत ठरते कशी, हे गुऱ्हाळावर एक दिवस काढल्याशिवाय उमगत नाही. उसाचा रस काहिलीत उकळू लागला की मळी वर येते. भेंडीच्या झाडाच्या चिकाने ती गोळा करून काढावी लागते. चुलवाणाचा जाळ कमी-जास्त झाला की रंग बिघडतो. काहील नेमकी कोणत्या क्षणी उतरवायची, हे गुळव्याच्या नजरेवर अवलंबून असते. जमीन खारवट असेल तर चवीत खारटपणा उतरतो. एवढे सारे सोसून तयार झालेला रवा पेठेत येतो आणि तिथे रंग, कणी, कडकपणा आणि गोडी पाहून काही क्षणांत त्याचा भाव ठरतो. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचे मोल ज्या जिभेवर ठरते, ती जीभ खरेदीदाराची असते. म्हणून पेठ एकच असेल आणि घेणारे मोजके असतील, तर पारख हा न्याय राहत नाही. घेणारे अनेक आले, उघड्यावर सौदे झाले, तरच चांगल्या मालाला चांगले म्हणणे भाग पडते. शाहूपुरीच्या स्थापनेचे खरे महत्त्व हे होते.

हाच विचार पुढे अनेक रूपांनी दिसतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली. १९०६ मध्ये शाहू छत्रपती स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलची पायाभरणी झाली. भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणाची योजना त्यांनीच आखली. पैशाअभावी रखडलेले ते काम त्यांच्या पश्चात, स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. पन्हाळ्याच्या परिसरात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग त्यांनी करून पाहिले. शेतीची आणि जनावरांची प्रदर्शने भरवली. वडिलांच्या नावाने वसवलेले जयसिंगपूर हे पुढे तंबाखू आणि भुईमुगाच्या व्यापाराचे मोठे केंद्र झाले. तंबाखूने आरोग्याची हानी होते, हे आज वेगळे सांगायला नको. परंतु त्या काळी आणि नंतरही कितीतरी दशके या भागातील हजारो कुटुंबांची चूल त्या पिकावर पेटत होती. शेजारच्या निपाणीत भाव आणि प्रत ठरवण्याची सत्ता मूठभर वखारवाल्यांच्या हाती राहिली. त्या असंतोषातून १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी रस्त्यावर उतरले आणि ६ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. मालाची पारख कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न किती जीवघेणा ठरू शकतो, याचा तो दाखला होता.

वस्तूंप्रमाणेच गुणांचीही महाराजांना विलक्षण जाण होती. स्वतः धिप्पाड देहाचे, तालमीत घुमलेले. कुस्तीचे डाव त्यांना नुसत्या नजरेने कळत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणानिमित्त ते युरोपला गेले. रोममधील प्राचीन रंगभूमी पाहून त्यांच्या मनात जी कल्पना रुजली, तिच्यातून पुढे खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहिले. गायनाचार्य अल्लादिया खाँ यांना त्यांनी दरबारी आश्रय दिला आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजली. चित्रकार आबालाल रहमान यांच्या निसर्गचित्रांना या दरबाराची दाद मिळाली. मल्ल कोणत्या गावचा, गवई कोणत्या धर्माचा, चित्रकार कोणाचा मुलगा, हे प्रश्न या पारखीत गौण होते. डाव, सूर आणि रंग यांना तेवढे मोल होते.

परंतु दरबाराबाहेरचे जग याच्या नेमके उलट चालले होते. तेथे माणसाची प्रत त्याचे काम पाहण्याआधीच ठरत असे. १८९९ मध्ये खुद्द छत्रपतींनाच याचा अनुभव आला. पंचगंगेवरील स्नानाच्या वेळी त्यांच्यासाठी वेदोक्त नव्हे, तर पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे उघड झाले आणि त्यातून वेदोक्त प्रकरण उभे राहिले. जन्माची पट्टी राजालाही चुकत नाही, हे त्यांना कळले. जो राजालाही कमी प्रतीचा ठरवतो, तो समाज गावकुसाबाहेरच्या माणसाला काय लेखत असेल, याचा विचार त्यांच्या मनाने घेतला, हेच त्यांचे मोठेपण. कारभारात पाहावे तर वरिष्ठ जागा जवळपास एकाच वर्गाच्या हाती होत्या. गुण इतरांत नव्हते असे नाही. ते कोणी पारखलेच नव्हते आणि शिक्षणाअभावी त्यांना उमलायला वावही मिळाला नव्हता. २६ जुलै १९०२ रोजी, महाराज इंग्लंडमध्ये असतानाच, संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा जाहीरनामा निघाला. त्याच्या आगेमागे कोल्हापुरात मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा विविध समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचे पाऊल उचलले गेले. १९१८ मध्ये महार वतने रद्द झाली.

तरीही कायद्याने जे साधत नव्हते, ते एका चहाच्या कपाने साधले. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेत चाकरीला होते. महाराज परगावी असताना, सवर्णांसाठी राखलेल्या हौदातील पाण्याला हात लावला म्हणून इतर चाकरांनी त्यांना अमानुष मारहाण केली. महाराज परतल्यावर गंगाराम त्यांच्यापुढे उभे राहिले. पाठीवरचे वळ पाहून महाराज संतापले. अपराध्यांना शिक्षा झाली. परंतु तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. गंगारामांना चाकरीतून मोकळे करून त्यांनी स्वतंत्र धंदा काढण्यास साह्य केले. भाऊसिंगजी रोडवर गंगारामांनी सत्यसुधारक हॉटेल थाटले.

हॉटेल स्वच्छ होते, चहाही चांगला होता. परंतु मालक अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेना. चहाची चव घेण्याआधीच त्याची प्रत ठरली होती. ही वार्ता महाराजांच्या कानी गेली. मग त्यांची घोडागाडी फेरफटक्याला निघाली की गंगारामांच्या दुकानासमोर थांबू लागली. भर रस्त्यात, लोकांच्या देखत, छत्रपती गंगारामांच्या हातचा चहा घेत. सोबतच्या सरदारांना आणि अधिकाऱ्यांनाही तो घ्यावा लागे. राजाने जो चहा घेतला, तो नाकारण्याचे कारण हळूहळू कोणापाशी उरले नाही. पुढे महाराजांनी सोडावॉटरचे यंत्रही गंगारामांना देऊन त्यांच्या धंद्याला हातभार लावला.

या प्रसंगाकडे राजाचे औदार्य म्हणून पाहण्याची आपली सवय आहे. पण त्यात औदार्याहून अधिक काही आहे. महाराजांनी गंगारामांना नुसती देणगी दिली असती, तर त्यांचे पोट भरले असते. त्यांच्या हातच्या चहाची परीक्षा मात्र झाली नसती. महाराजांनी त्या चहाला परीक्षेची संधी मिळवून दिली. कपावरची जातीची पट्टी त्यांनी काढली आणि मग चव पाहा, असे शहराला आपल्या कृतीने सांगितले. आरक्षणामागेही हीच भूमिका होती. आधी पट्टी काढा, शिकण्याची आणि उभे राहण्याची जागा द्या, मग गुण मोजा. पट्टी तशीच ठेवून गुणवत्तेची भाषा करणे ही पारख नव्हे, फसवणूक आहे, हे त्यांनी ओळखले होते.

त्याच सुमारास, १९१९ मध्ये, सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये, असे आदेश संस्थानात निघाले. त्याच वर्षी कानपूरच्या कुर्मी क्षत्रिय परिषदेने त्यांना राजर्षी ही पदवी दिली. या पारख्या नजरेने अखेरच्या काळात आणखी एक माणूस हेरला. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेले तरुण डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या मूकनायक पत्राला महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साह्य केले. मार्च १९२० मध्ये कागलनजीक माणगाव येथे भरलेल्या परिषदेत आंबेडकर अध्यक्षस्थानी होते. महाराजांनी तेथे जातीने उपस्थित राहून, अस्पृश्यांना त्यांचा खरा पुढारी लाभला आहे, अशी ग्वाही दिली. ती पारख किती अचूक होती, हे इतिहासाने दाखवून दिले.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस वर्षांचे. त्यांच्या मागे त्यांचे स्मारक उभारण्यासाठी कोल्हापुरात पुढे सरसावलेल्यांत गंगाराम कांबळे अग्रभागी होते.

कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मातीचा गुण आणि गुळव्याचे कसब यांवर अधिकृत मोहोर उमटली. वस्तूच्या बाबतीत तिचा मुलूख सांगणारे नाव हे भूषण ठरते. माणसाच्या बाबतीत जन्माचे नाव हा अडसर होऊ नये, यासाठी या नगरीच्या राजाने आयुष्य वेचले. घरभाड्याची जागा देताना, पंगतीत पान वाढताना किंवा नोकरीसाठी आलेला अर्ज चाळताना आपली नजर आधी आडनावावर जात असेल, तर ती पट्टी अजून निघालेली नाही, असेच म्हणावे लागेल. राजर्षींच्या जयंतीला पुतळ्याला हार घालणे सोपे आहे. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर उभे राहून जी कसोटी शिकवली, ती रोजच्या व्यवहारात लावणे हेच त्यांचे खरे स्मरण होय.