पाखरांचा सोयरा : सलीम अली

सलीम अलींचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. आईवडील लवकर वारल्याने मामांनी सांभाळ केला. लहानपणी बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीचा गळा पिवळा निघाला! ती कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि जन्माचा नाद लागला. पुढे बर्लिनला शिकून आले तो पैशाअभावी वस्तुसंग्रहालयातील पदच रद्द झालेले. बेकारीत अलिबागजवळ किहीमला राहून त्यांनी सुगरणी न्याहाळल्या. घरटे नर विणतो, मादी पसंत करते, मग तो दुसरे विणायला घेतो, हे त्यांना तिथेच उमगले. १९३१-३२ मध्ये पत्नी तेहमिनांसह त्यांनी निजामाच्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी केली. आपले पिंपळगाव रेणुकाईही तेव्हा त्याच राज्यात होते. हिवाळ्यात येणारे परीट कुठून येतात, हे कळावे म्हणून पाखरांच्या पायांत वाळे घालण्याचे काम सोसायटीने १९५९ पासून त्यांच्याच पुढाकाराने वाढवले. १९८७ साली ते मुंबईत वारले.