सूत्रे सुटल्यावर

सांचीच्या स्तूपावर भोगवर्धनच्या, म्हणजे आजच्या भोकरदनच्या, दात्यांची नावे दोन हजार वर्षांपासून कोरलेली आहेत. दगडावर नाव टिकते. माणसांत केलेल्या कामावर ते टिकेलच असे नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या वाट्याला हेच आले.

जमखंडीत १८७३ साली जन्मलेल्या शिंद्यांनी ऑक्सफर्डला धर्माचा अभ्यास केला. परतल्यावर १९०६ मध्ये मुंबईत अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. शाळा, वसतिगृहे उभी केली. पुढे अस्पृश्य समाजातून स्वतःचे नेतृत्व उभे राहू लागले आणि १९२३ मध्ये शिंद्यांनी मिशनची सूत्रे सोडली. पोटच्या पोरासारखी वाढवलेली संस्था सोडताना जीव तुटणारच.

पण ते रुसून घरी बसले नाहीत. १९३० च्या सत्याग्रहात, सत्तावन्न वर्षांचे असताना, तुरुंगात गेले. १९३३ मध्ये ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ सिद्ध केला. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

घरात, कचेरीत आता आपल्याला कोण विचारतो, ही खंत उतारवयात कुणाला चुकत नाही. ज्यांच्यासाठी झटलो ते आपल्यावाचून चालू लागले, यातच श्रमाचे चीज असते. सल राहतो, हात तेवढे रिकामे ठेवू नयेत.