तबकडीचा जनक : एमिल बर्लिनर

वडिलांच्या उतारवयातला मी मुलगा. तरुणपणी त्यांनी बडोद्याच्या दरबारची चाकरी केली. पुढे संस्थान विलीन झाले, पगार थांबला; तरी त्यांच्या बोलण्यातून कलावंत कारखाना काही गेला नाही. आमच्या माजघरात चावीचा एक जुना फोनो होता. दुपारचे जेवण झाले की वडील त्यावर अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवी लावीत आणि डोळे मिटून बसत. स्वतः मात्र ते यंत्रापुढे कधी गायले नाहीत. मुंबईहून रेकॉर्डसाठी आलेले बोलावणे त्यांनी परत पाठविले. तीन मिनिटांत राग मांडणे त्यांना उभ्या उभ्या पंगत उरकण्यासारखे वाटे. ज्या यंत्रावर त्यांच्या दुपारी गेल्या, त्या यंत्राशी त्यांचे असे वाकडे होते. त्यामुळे हे यंत्र कोणी घडविले, याची मला लहानपणापासून उत्सुकता होती.

फोनो कोणाचा, असे विचारले की बहुतेक लोक एडिसनचे नाव घेतात. ते निम्मेच खरे आहे. १८७७ साली एडिसनने आवाज धरून तो पुन्हा ऐकविला, हा चमत्कार त्याचाच. पण घरोघरी पोहोचली ती सपाट तबकडी एमिल बर्लिनर यांची.

बर्लिनर यांचा जन्म २० मे १८५१ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर शहरी, एका मोठ्या ज्यू कुटुंबात झाला. वडील व्यापारी व धर्मग्रंथांचे अभ्यासक, आई संगीताची आवड असलेली. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. काही काळ मुलाने छापखान्यात उमेदवारी केली, मग कापडाच्या दुकानात काम केले. १८७० साली ओळखीच्या एका गृहस्थांच्या आधाराने तो अमेरिकेत गेला आणि वॉशिंग्टनच्या एका दुकानात नोकरीस लागला. पुढे न्यूयॉर्कला दिवसा मिळेल ते काम, एका प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याचेसुद्धा, आणि रात्री कूपर संस्थेत अभ्यास, असा क्रम होता. पदवी नाही, पाठीशी कोणी नाही. बेलचा टेलिफोन निघाला तेव्हा त्यातून बोलणे फार क्षीण ऐकू येई. या तरुणाने बिऱ्हाडाच्या खोलीत खटपट करून १८७७ साली बोलण्याच्या बाजूचे नवे यंत्र तयार केले. बेलच्या कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले आणि त्यालाही नोकरीत घेतले. हाती थोडा पैसा आल्यावर बर्लिनर आवाजाच्या मागे लागले.

आता खरी गोष्ट. एडिसनचा आवाज नळकांड्यावर कोरला जाई. सुई वरखाली होऊन खोल-उथळ रेघ उमटवी. नळकांड्याची हुबेहूब प्रत काढणे मोठे कठीण होते. म्हणून गवयाने आठ-दहा यंत्रे समोर मांडून गावे, आणि ती संपली की पुन्हा पहिल्यापासून तेच गावे, असा प्रकार चाले. बर्लिनर यांनी दोन गोष्टी बदलल्या. सुईला वरखाली न हलविता डाव्या-उजव्या अंगाला हलविले, आणि नळकांड्याऐवजी सपाट थाळी घेतली. जस्ताच्या थाळीवर मेणाचा पातळ थर द्यायचा, सुईने तेवढेच मेण खरवडायचे, मग थाळी अ‍ॅसिडमध्ये ठेवायची, म्हणजे उघड्या रेघेपुरते जस्त खाल्ले जाते. या थाळीवरून धातूचा उलटा ठसा घ्यायचा आणि त्या ठशाने पाहिजे तितक्या तबकड्या दाबून काढायच्या. छापखान्यातले उमेदवारीचे दिवस येथे उपयोगी पडले असावेत, असे मला सारखे वाटते. पोथी नकलून घेणे आणि ग्रंथ छापणे यांत जो फरक, तोच येथे झाला. पेटंट १८८७ चे. मे १८८८ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन संस्थेत त्यांनी हे यंत्र विद्वानांना दाखविले. गवयांना आपल्या तबकड्यांच्या विक्रीतून उत्पन्न मिळत राहील, हेही त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले होते. एडिसनचा भर आरंभी कचेरीतल्या पत्रांवर होता. गाण्याची बाजू या कापडदुकानातल्या कारकुनाला आधी दिसली.

आरंभी जर्मनीत हे यंत्र खेळणे म्हणूनच विकले गेले. हाताने फिरवायचे, त्यामुळे सूर कधी चढे, कधी उतरे! कॅम्डनच्या एल्ड्रिज जॉन्सन यांनी स्प्रिंगची चावी बसविली तेव्हा ते स्थिरावले. कोर्टकज्जेही झाले. विक्रीच्या मक्तेदाराशी बिनसून १९०० साली खुद्द बर्लिनर यांनाच अमेरिकेत आपला माल विकण्याची मनाई झाली आणि त्यांना धंदा कॅनडात न्यावा लागला.

तबकडी प्रथम कठीण रबराची होती. ती वाकडी होई. मग लाख आली. ही लाख बहुतांशी हिंदुस्थानातली, पळस-कुसुमाच्या झाडांवर किड्यांनी केलेली. आपल्या बायकांच्या बांगड्यांतली लाख युरोपातल्या गवयांचा आवाज धरून बसली, हे कळले तेव्हा मला मोठी मौज वाटली. १९०२ साली बर्लिनर यांच्याच हाताखाली तयार झालेला फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यास आला आणि गौहरजान त्याच्यापुढे गायली. ठसे हॅनोव्हरला गेले आणि तबकड्या होऊन परत आल्या. गाणे संपताच गौहरजान आपले नाव सांगे, तेही त्या तबकडीत उतरले. १९०८ पासून कलकत्त्यातच कारखाना सुरू झाला.

पुढे जे झाले ते आपण जाणतोच. ज्या गायिकेचे गाणे ऐकायला जाणे घरंदाज माणूस लपवून ठेवी, तिचे गाणे त्याच्या दिवाणखान्यात वाजू लागले आणि आतल्या खोलीतून बायकाही ते ऐकू लागल्या. गंडा न बांधता गाणे कानी पडू लागले. उस्तादांना हे सोसवेना. चीज चोरली जाईल ही त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. मीसुद्धा काही जागा तबकडीवरूनच उचलल्या आहेत. पण नकार देणाऱ्यांचे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. आमच्या बडोद्यात फैज महंमद खाँसाहेबांकडे शिकलेले भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांच्या गाण्याची आख्यायिका आहे, आवाज नाही. अल्लादिया खाँसाहेबांचेही तेच. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर मात्र गायल्या, आणि त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, तीही तबकडीवरूनच.

बर्लिनर उतारवयात दुधाच्या मागे लागले होते. कच्च्या दुधाने मुले दगावतात म्हणून दूध तापवून निर्जंतुक करावे, यासाठी त्यांनी वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षे खटपट केली. संशोधन करणाऱ्या स्त्रियांसाठी आईच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवली. ३ ऑगस्ट १९२९ रोजी ते वारले.

तबकडी गेली, कॅसेटही गेली. मागे एका विद्यार्थिनीने मला विचारले की, गुरुजी, आजोबांचे गाणे कोठे ऐकायला मिळेल? मोबाइल तिच्या हातातच होता. मी तंबोरा खाली घेतला आणि वडील मुलतानी कसा सुरू करीत, तेवढे तिला गाऊन दाखविले. मंद्रातला निषाद ते कसा लावीत, हे मला पुरते आठवले नाही.