विश्लेषण : व्हीलचेअरवरची शिंपीण ते टेडी बेअरचा कारखाना... मार्गारेटे स्टाइफ कोण होत्या?

दरवर्षी १० फेब्रुवारीला ‘टेडी डे’ साजरा होतो आणि दुकाने मऊ अस्वलांनी भरून जातात. घरच्या घरी हाताने टेडी बेअर शिवून समाजमाध्यमांवर विकणाऱ्यांची संख्याही वाढते आहे. या खेळण्यामागे जर्मनीतील एका अपंग शिंपिणीची कहाणी आहे. मार्गारेटे स्टाइफ यांना पायांवर कधीच उभे राहता आले नाही आणि त्यांचा उजवा हातही दुबळा होता. तरीही त्यांच्या कारखान्यातून १९०७ या एका वर्षात सुमारे ९ लाख ७४ हजार अस्वले बाहेर पडली. हे कसे घडले आणि आजच्या हस्तकारागिरांनी त्यातून काय घ्यावे, याविषयी...

बालपण कसे होते?

मार्गारेटेचा जन्म २४ जुलै १८४७ रोजी दक्षिण जर्मनीतील गिंगेन या छोट्या गावात झाला. वडील फ्रीडरिश बांधकाम व्यावसायिक होते. चार भावंडांत तिचा क्रमांक तिसरा. दीड वर्षाची असताना तिला ताप आला. तो उतरला, पण दोन्ही पाय लुळे पडले आणि उजवा हात हलवताना वेदना होऊ लागल्या. हा पोलिओ होता. त्यावर तेव्हा ना लस होती ना औषध. घरच्यांनी अनेक डॉक्टर केले, नवव्या वर्षी शस्त्रक्रिया झाली, गरम पाण्याच्या झऱ्यांचे उपचारही झाले. उपयोग झाला नाही.

पायाने अधू मुलगी म्हणजे घरच्यांवर आयुष्यभराचा भार, असे मानण्याचा तो काळ होता. लग्न होणार नाही आणि कमाईचे साधन नाही, ही आईवडिलांची खरी चिंता होती. मार्गारेटेने मात्र शाळा सोडली नाही. भावंडे आणि शेजारची मुले तिला हातगाडीत बसवून शाळेत नेत. शिवणाच्या वर्गात जाण्याचा हट्टही तिचाच. उजव्या हाताने सुई धरणे अवघड असल्याने सुरुवातीला फार त्रास झाला, पण सतराव्या वर्षापर्यंत तिने शिवणकामाचे शिक्षण पूर्ण केले.

शिलाई मशीन उलटे का बसवले?

मारी आणि पाउलिने या थोरल्या बहिणींबरोबर मार्गारेटे कपडे शिवू लागली. झिथर या तंतुवाद्याच्या शिकवण्या करून तिने पैसे साठवले आणि त्या कमाईतून शिलाई मशीन आले. अडचण अशी, की मशीनचे चाक उजव्या हाताने फिरवावे लागे आणि तोच हात साथ देत नव्हता. तिने मशीन उलट्या बाजूने ठेवले आणि डाव्या हाताने चाक फिरवू लागली. उपाय साधा होता, पण त्याने पुढचे सारे आयुष्य शक्य केले.

१८७४ मध्ये वडिलांनी घरातच तिच्यासाठी शिवणकामाची खोली करून दिली. १८७७ मध्ये मार्गारेटे यांनी फेल्टच्या तयार कपड्यांचे दुकान काढले. फेल्ट म्हणजे लोकर दाबून, थापून केलेले जाड कापड. त्याचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे कडा दुमडून शिवण्याची गरज नसते. नात्यातील एका उद्योजकाचा फेल्टचा कारखाना असल्याने माल जवळच मिळे. फेल्टच्या परकरांना चांगली मागणी आली आणि मदतीला बायका ठेवाव्या लागल्या. खेळण्यांचा विचार मनात येण्याआधीच कापडाची पारख, खरेदीचा हिशेब आणि हाताखालच्या माणसांकडून काम करून घेणे, हे तिन्ही त्यांच्या अंगवळणी पडले होते.

हत्तीने धंदा कसा बदलला?

डिसेंबर १८७९ मध्ये एका फॅशन मासिकात त्यांना कापडी हत्तीचा नमुना दिसला. त्यावरून त्यांनी फेल्टचा छोटा हत्ती शिवला. तो टाचण्या खोचून ठेवायची उशी म्हणून केला होता. नातेवाइकांना आणि गिऱ्हाइकांना असे हत्ती भेट दिले गेले आणि भलतेच घडले. टाचण्या बाजूलाच राहिल्या, मुलांनी हत्ती खेळायला पळवले. तेव्हाची खेळणी बहुतेक लाकडाची, पत्र्याची नाहीतर चिनीमातीची असत. उराशी धरून झोपता येईल असे मऊ खेळणे मुलांना नवे होते.

गिऱ्हाईक वस्तूचा उपयोग आपल्यापेक्षा वेगळा करते आहे, हे मार्गारेटे यांनी वेळीच ओळखले. धाकटे बंधू फ्रिट्झ यांनी पोतेभर हत्ती शेजारच्या हायडेनहाइमच्या बाजारात नेले आणि ते विकले गेले. १८८६ पर्यंत विकलेल्या हत्तींची संख्या पाच हजारांवर गेली. मग माकड, गाढव, घोडा, उंट, डुक्कर असे प्राणी आले. १८९० च्या सुमारास फ्रिट्झ यांनी नवे घर बांधले. त्यात दुकान, काम आणि राहणे एकत्र होते आणि मार्गारेटे यांना व्हीलचेअरवरून वावरता येईल अशी सोय होती. १८९२ मध्ये पहिली सचित्र किंमतसूची निघाली आणि १८९३ मध्ये खेळण्यांच्या कारखान्याची अधिकृत नोंदणी झाली. मुलांच्या हातात जाणारी वस्तू सर्वोत्तमच असली पाहिजे, हा त्यांचा दंडक होता. नवा नमुना आधी त्यांच्या हाताखालून जाई आणि मगच उत्पादनाला लागे.

मग अस्वल कोणी केले?

टेडी बेअरचे श्रेय अनेकदा थेट मार्गारेटे यांना दिले जाते, पण त्याची रचना पुतण्याची, फ्रिट्झ यांचे चिरंजीव रिचर्ड यांची. श्टुटगार्टमध्ये कलाशिक्षण घेतलेले रिचर्ड तेथील प्राणिसंग्रहालयात तासन्‌तास अस्वलांची रेखाटने करीत. १८९७ मध्ये ते आत्याच्या धंद्यात आले. १९०२ मध्ये त्यांनी ५५ सेंटिमीटरचे, लवदार मोहेर कापडाचे अस्वल केले. त्याचे हातपाय आणि डोके हलवता येत होते. मोहेर हे अंगोरा शेळीच्या केसांपासून विणलेले कापड. ते महाग असल्याने हे अस्वल खपेल का, याविषयी मार्गारेटे साशंक होत्या. तरीही त्यांनी पुतण्याला अडवले नाही.

त्यांची शंका आधी खरी ठरली. १९०३ च्या लाइपझिग व्यापारी मेळ्यात अस्वलाकडे कोणी फारसे पाहिले नाही. मेळा संपत आला असताना एका अमेरिकी खरेदीदाराने मात्र तीन हजार नगांची मागणी नोंदवली. पुढच्या वर्षी, १९०४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनात १२ हजार अस्वले विकली गेली आणि पारितोषिकेही मिळाली.

‘टेडी’ हे नाव कुठून आले?

नोव्हेंबर १९०२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात शिकारीला गेले होते. सोबत्यांनी बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला. त्यावर क्लिफर्ड बेरीमन यांचे व्यंगचित्र ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये आले आणि गाजले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील दुकानदार मॉरिस मिक्टम आणि त्यांच्या पत्नी रोझ यांनी कापडी अस्वल शिवून त्याला रूझवेल्ट यांचे टोपणनाव दिले. म्हणजे अमेरिकेत नाव लोकप्रिय होत असतानाच जर्मनीहून अस्वले येत होती. दोन खंडांत जवळपास एकाच वेळी घडलेल्या गोष्टींचा हा योग होता. स्टाइफ यांचा माल त्या लाटेवर स्वार झाला, कारण तो तयार होता आणि दर्जाला पक्का होता.

कानातले बटण कशासाठी?

माल खपू लागताच नकला सुरू झाल्या. कापडी प्राणी पाहून तसाच शिवणे अवघड नव्हते. यावर आणखी एक पुतणे फ्रान्झ यांनी १९०४ मध्ये तोडगा काढला. प्रत्येक प्राण्याच्या डाव्या कानात धातूचे बटण ठोकायचे. सुरुवातीच्या बटणांवर हत्ती होता, पुढे कंपनीचे नाव आले. खेळण्याला इजा न करता ते सहज काढता येत नसे. १९०५ मध्ये या खुणेला व्यापारचिन्ह म्हणून संरक्षण मिळाले.

या बटणाचे मोल पुढे कळले. १९९४ मध्ये लंडनच्या ‘क्रिस्टीज’मध्ये १९०४ च्या सुमाराचे एक स्टाइफ अस्वल १ लाख १० हजार पौंडांना विकले गेले. जुने अस्वल नेमके कोणाच्या हातचे, हे ठरवताना संग्राहक आजही आधी कान तपासतात.

कारखाना चालत कसा असे?

१९०३ मध्ये गिंगेनमध्ये पोलाद आणि काचेची तीन मजली इमारत उभी राहिली. शिवणकामाला भरपूर उजेड हवा, हा त्यामागचा हेतू. आत काम करणाऱ्या बहुतेक तरुण मुली असल्याने गावकऱ्यांनी तिला गमतीने कुमारिकांचे मत्स्यालय म्हणायला सुरुवात केली. १९०७ मध्ये कारखान्यात सुमारे ४०० कामगार होते आणि १८०० जण घरी बसून काम करीत. मोठ्या ऑर्डरीचा आधार ही घरोघरची शिलाईच होती.

१९०६ मध्ये मार्गारेटे यांनी धंद्याचे मर्यादित कंपनीत रूपांतर करून पुतण्यांना कारभारात घेतले. स्वतःचे अपत्य नव्हते, पण आपल्यामागे काय होणार हा प्रश्न त्यांनी हयातीतच सोडवला. ९ मे १९०९ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्या ६१ वर्षांच्या होत्या. कंपनी आजही गिंगेनमध्येच आहे.

आजच्या हस्तकारागिरांनी काय घ्यावे?

१९७० च्या दशकात अमेरिकेत ‘आर्टिस्ट बेअर’ची चळवळ सुरू झाली. एकाच व्यक्तीने रचना करून, बेतून, शिवून मोजक्या संख्येत विकलेले अस्वल असा त्याचा अर्थ. अशा कामाला मार्गारेटे यांची पद्धत आजही लागू पडते.

पहिली गोष्ट कापडाची. लवदार कापड बेतताना सर्व तुकड्यांची लव एकाच दिशेने यावी लागते, नाहीतर अस्वल पिंजारलेले दिसते. जुन्या स्टाइफ अस्वलांपैकी काहींच्या चेहऱ्यावर मधोमध शिवण दिसते. उरलेल्या कापडातून आणखी एक डोके निघावे म्हणून दोन तुकडे जोडल्याची ही खूण, असे संग्राहक सांगतात. महाग कापडाची चिंधीही वाया घालवायची नाही, हा त्यातला धडा.

दुसरी गोष्ट सांध्यांची. डोके, दोन हात आणि दोन पाय असे पाच सांधे चकत्यांनी जोडले, तर अस्वल बसते आणि वळते. सांधा सैल राहिला तर भरण कितीही चांगले असो, काही महिन्यांत अस्वल मान टाकते. म्हणून पहिला नमुना स्वतः वापरून, ओढून-ताणून पाहावा.

तिसरी गोष्ट किमतीची. कापड, डोळे, सांधे आणि भरण यांचा खर्च लोक धरतात, पण कामाचे तास, बिघडलेले नग, पॅकिंग, कुरिअर आणि विक्री संकेतस्थळाचे कमिशन विसरतात. तासांची मजुरी न धरलेली किंमत म्हणजे तोट्यातला धंदा. पुढे मागणी वाढून कोणाला कामावर घ्यावे लागले, तर ती मजुरी द्यायला पैसेच उरत नाहीत.

चौथी गोष्ट खुणेची. आपले नाव, वर्ष आणि नगाचा क्रमांक असलेली कापडी चिठ्ठी शिवणीतच अडकवावी. कानातले बटण मात्र वापरू नये, ते दुसऱ्याचे व्यापारचिन्ह आहे. इतरांचे कागदी नमुने वापरून केलेला माल स्वतःची रचना म्हणून विकणेही अडचणीत आणू शकते.

पाचवी गोष्ट सुरक्षेची. जुन्या अस्वलांना बुटाच्या बटणांचे डोळे असत. लहान बाळाच्या हातात जाणाऱ्या खेळण्याला असे डोळे धोक्याचे, तेथे धाग्याने भरलेले डोळे योग्य. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ‘बीआयएस’चे गुणवत्ता चिन्ह बंधनकारक आहे. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट देण्यात आली आहे. त्यामुळे विक्री सुरू करण्याआधी कारागीर म्हणून नोंदणी करून घेणे हिताचे.

मार्गारेटे यांच्या यशात योगायोगाचा वाटा होताच. मेळ्याच्या अखेरीस आलेला खरेदीदार आणि रूझवेल्ट यांचे नाव, हे दोन्ही त्यांनी ठरवून आणलेले नव्हते. पण तीन हजारांची मागणी आली तेव्हा त्यांच्याकडे पारखलेले कापड, शिकवून तयार केलेल्या शिंपिणी आणि वीस-पंचवीस वर्षे जपलेला दर्जा होता. हत्तीपासूनची ती तयारी नसती, तर ती मागणी पुरी करणे त्यांना जमले नसते.