चित्रकार राजा रविवर्मा

केरळातील किलिमानूर येथे २९ एप्रिल १८४८ रोजी रविवर्म्यांचा जन्म झाला. वाड्याच्या भिंतींवर कोळशाने चित्रे काढणाऱ्या या मुलाचा गुण त्याच्या मामांनी ओळखला आणि चौदाव्या वर्षी त्यास त्रिवेंद्रमच्या दरबारी नेले. तैलरंगांची विद्या मात्र तेथे सहजासहजी लाभली नाही. दरबारच्या चित्रकाराने ती शिकविण्याचे नाकारले. थिओडोर जेन्सन या पाहुण्या चित्रकाराने केवळ पाहत बसण्याची मुभा दिली. तेवढ्यावरच रविवर्म्यांनी हात घटविला. १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांचे चित्र गौरविले गेले.

युरोपीय चित्रकार ग्रीक पुराणांतील स्त्रिया हाडामांसाच्या माणसांप्रमाणे रंगवीत. रविवर्म्यांनी तीच दृष्टी आपल्या पुराणांकडे वळविली. कीचकाच्या महाली जाण्याची आज्ञा झालेली त्यांची द्रौपदी पाहावी. हाती पात्र आहे, पण पाऊल पुढे पडत नाही. ती भ्यालेली आहे, तरी लाचार नाही. पाहणाऱ्याच्या मनात दया उपजते आणि आदरही. भूमातेच्या कुशीत शिरणाऱ्या सीतेचेही तसेच. हंसाचे बोलणे ऐकणारी दमयंती तर आमच्या विदर्भाचीच कन्या!

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांजकडून रामायण-महाभारतांतील प्रसंगांची १४ चित्रे करवून घेतली. पौराणिक स्त्रियांचा वेष कसा असावा, हे ठरविण्यासाठी रविवर्मा धाकट्या बंधूंसह देशभर हिंडले. अखेर त्यांनी साडी पसंत केली. अनेक चित्रांत ती मराठी धाटणीने नेसलेली दिसते.

राजवाड्यांतील ही चित्रे सामान्यांच्या दृष्टीस कशी पडावीत? १८९४ साली त्यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. प्रत्येक रंगासाठी निराळी शिळा, आणि एकाच कागदावर एकामागून एक ठसे! पुढे छापखाना लोणावळ्यानजीक मळवलीस गेला. कर्ज वाढले व तो विकावा लागला. तसबिरी मात्र गावोगाव पसरल्या. कारंज्याजवळच्या कामरगावासारख्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाला बडोद्याचा राजवाडा कोठून दिसणार होता?

या चित्रांतील हावभाव नाटकी व परकीय वळणाचे आहेत, असा आक्षेप पुढे घेतला गेला. तो अगदीच निराधार नाही. तथापि द्रौपदीचे ते अडखळलेले पाऊल नाटकी म्हणवत नाही. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किलिमानूर येथेच रविवर्मा निवर्तले. त्याच वर्षी त्यांनी जटायुवधाचे चित्र रंगविले होते. त्यात रावणाच्या हाती सापडलेली सीता आहे.