सोनं मोडून शिकायला गेलेली आनंदी

मुलगी परदेशी शिकायला निघाली, की घरात दोन-तीन महिने दुसरा विषय नसतो. जालना असो, अंबड असो की भोकरदन, चित्र तेच. एकीकडे भाजणी, मेतकूट आणि लोणचं. दुसरीकडे बँकेच्या कर्जाचे कागद. बॅग चार-चार वेळा काट्यावर चढते. पैसे कमी पडले, तर आईच्या पाटल्या निघतात. आपल्याकडे ‘जालना सोने का पालना’ म्हणतात ना, तो पाळणा अशा वेळी खरंच कामाला येतो!

मैत्रिणींनो, ही सगळी धावपळ एका मराठी मुलीनं १८८३ साली केली होती. तेव्हा आपला जालना निजामाच्या राज्यात होता आणि ती मुलगी होती जेमतेम अठरा वर्षांची. डॉ. आनंदीबाई जोशी. नाव आपण शाळेपासून ऐकतो. पण त्यांनी पैसे कसे उभे केले आणि परमुलखात दिवस कसे काढले, हे फारसं कुणी सांगत नाही.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, माहेरचं नाव यमुना. माहेर कल्याणचं. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला, बिजवर आणि वयानं बराच मोठा. बायकोनं शिकलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आणि तो हट्ट बऱ्याचदा जाचाचाही व्हायचा. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. बाळंतिणीला आणि तान्ह्याला बघायला बाई डॉक्टर हवी, हे आनंदीबाईंच्या मनात तिथून पक्कं बसलं.

आता एवढ्या लांब ओळख कुणाची? गोपाळरावांनी अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. ते तिथल्या मासिकात छापून आलं. दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत ते मासिक चाळताना न्यू जर्सीमधल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ते वाचलं आणि आनंदीबाईंना पत्र पाठवलं. पत्रापत्रीतून माया एवढी वाढली, की आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. निघण्याआधी कमावलेलं हे माणूस पुढे सगळ्यात मोलाचं ठरलं.

प्रश्न उरला पैशांचा. दोघांनी जायचं तर खर्च झेपणारा नव्हता, म्हणून एकटीनंच जायचं ठरलं. लोक नावं ठेवत होते. तेव्हा गोपाळरावांची बदली कलकत्त्याजवळ सेरामपूरला झालेली होती. तिथल्या कॉलेजच्या सभागृहात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाई स्वतः उभ्या राहिल्या. आपण का जातोय, एकट्याच का जातोय, हे त्यांनी भरसभेत सांगितलं. धर्म सोडणार नाही, हेही सांगितलं. त्या भाषणाचा बोलबाला झाला आणि ठिकठिकाणांहून मदत येऊ लागली. अंगावरच्या सोन्याच्या बांगड्याही विकल्या. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट निघाली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला लागली. जवळजवळ दोन महिने पाण्यावर!

बंदरावर कार्पेंटर मावशी हजर होत्या. नव्या देशातले पहिले महिने त्यांच्या घरी गेले, त्यामुळे डोक्यावर छप्पर शोधायची वेळ आली नाही. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली. फीची काळजी मिटली.

पण थंडीचं काय? पेहराव बदलायचा नाही आणि मांसाहार करायचा नाही, हे निघतानाच ठरलेलं. नऊवारीत पोटऱ्या आणि पाठ उघडी पडते. बर्फाच्या मुलखात ते कसं निभावणार? शेवटी त्यांनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली, नवऱ्याला काय वाटेल याची धास्ती मनात ठेवून. राहायच्या खोलीतली शेकोटी नीट नव्हती. पेटवली तर खोलीभर धूर, नाही पेटवली तर गारठा. त्यातच अभ्यास आणि हातानं रांधायचं. आधीच नाजूक असलेली तब्येत खालावत गेली.

तरी ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलनं नेमणूकही दिली. पण घरी परतल्या त्या क्षय घेऊन. क्षयाचा जंतू १८८२ मध्ये सापडला होता. त्यावर गुण देणारं औषध यायला मात्र अजून साठ वर्षं होती. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. इथे डॉक्टरकी करायला त्यांना वेळच मिळाला नाही, ही हळहळ आजही जात नाही. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींनी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत जपली.

आजार कशानं जडला, हे नेमकं कोण सांगणार? पण ऊब आणि पोटभर जेवण, या दोन गोष्टींना त्यांच्या वाट्याला फार थोडी जागा आली, एवढं खरं. सोनं मोडलं, मदत उभी केली, शिष्यवृत्ती मिळवली. हिशेबात राहून गेलं ते स्वतःचं शरीर.

आपल्या मुलींचंही असंच होतं. आईबापानं कर्ज काढलंय म्हणून पोरी तिकडे एक वेळ जेवतात, हीटर बंद ठेवतात आणि फोनवर सगळं छान आहे म्हणतात. तेव्हा खर्चाचा कागद करताना फी आणि तिकिटाखाली खोलीचं डिपॉझिट, पहिल्या दोन-तीन महिन्यांचं भाडं, थंडीचे कपडे, आरोग्य विमा आणि जेवण यांच्या वेगळ्या ओळी घाला. जाड कोट तिकडे गेल्यावर घेतलेला बरा, तिथल्या थंडीला तोच पुरतो; त्याचे पैसे मात्र इथूनच बाजूला काढा. रोख थोडी, बाकी फॉरेक्स कार्डवर. मूळ कागदपत्रं, नेहमीची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत. उतरल्यावर हक्कानं दार वाजवता येईल असं एक तरी घर आधीच जोडून ठेवा.

आणि निघताना लेकीला एवढं स्पष्ट सांगा, की बाई, काटकसर कर, पण खाण्यात आणि उबेत नको. पाटल्या पुन्हा करता येतील.