ली डी फॉरेस्ट आणि तिसरी तार

आपल्या शोधाचे मर्म ज्याला स्वतःलाच नीट उमगले नाही, त्याला शोधक म्हणावे काय? ली डी फॉरेस्ट यांच्या चरित्राचा विचार करताना हा प्रश्न मला टाळता येत नाही.

1873 साली अमेरिकेतील आयोवा राज्यात, कौन्सिल ब्लफ्स या गावी त्यांचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक. पुढे वडिलांनी अलाबामातील टॅलाडेगा येथे कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाचे प्रमुखपद स्वीकारले आणि गावातील गोऱ्यांनी या कुटुंबाला वाळीत टाकल्यासारखे वागवले. आपल्याला येथे फुले दांपत्य आठवल्यावाचून राहत नाही. एकाकी मुलगा यंत्रांत रमला. 1899 मध्ये येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली.

1904 साली इंग्लंडमध्ये फ्लेमिंग यांनी दोन टोकांचा व्हॉल्व्ह बनवला होता. 1906 मध्ये डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरी तार, म्हणजे जाळी, घातली. पाटाच्या तोंडाशी फळी जराशी सरकवली की शेतात जाणारे सारे पाणी कमीजास्त होते. तसा जाळीवरचा क्षीण विद्युत्दाब मोठ्या प्रवाहाला ताब्यात ठेवतो. क्षीण आवाज मोठा करण्याची किल्ली ती हीच. पण दिव्यात उरलेल्या वायूमुळेच हे घडते, अशी त्यांची समजूत होती. वायू जितका काढून टाकावा तितका व्हॉल्व्ह भरवशाचा होतो, हे पुढे लँगम्यूर व आर्नल्ड यांनी दाखवले.

त्यांच्या कंपनीचे शेअर्स विकताना लोकांना फसवल्याच्या आरोपावरून 1912 मध्ये डी फॉरेस्ट यांना अटक झाली. हा दिवा निरुपयोगी आहे, असेही सरकारी पक्षाचे म्हणणे होते! ते स्वतः सुटले, सहकारी दोषी ठरले. 1913 मध्ये त्याच दिव्याचे टेलिफोनसाठीचे हक्क ए. टी. अँड टी. कंपनीने 50,000 डॉलर्सना घेतले आणि 1915 साली न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत माणसाचा आवाज पोहोचला. पुनर्भरण मंडलाच्या श्रेयासाठी आर्मस्ट्राँग यांच्याशी त्यांनी वर्षानुवर्षे दावा लढवला. 1934 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते जिंकले. परंतु बहुतेक अभियंत्यांप्रमाणे मीही आर्मस्ट्राँग यांच्याच बाजूचा आहे.

डिसेंबर 1947 मध्ये त्याच टेलिफोन कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. काचेच्या दिव्याचे काम आता घन पदार्थाचा कण करू लागला. न तापता, थोड्या विजेत. रेडिओतून व्हॉल्व्ह हद्दपार झाला. घरच्या स्टीरिओतून मात्र अजून पुरता गेलेला नाही.

तुळजापुरात आमच्या घरी दोघांनाही काम दिले आहे. स्पीकरच्या खालच्या मोठ्या भागाला ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर, वरच्या लहान भागाला व्हॉल्व्हचा. गोंधळाची ध्वनिफीत लावली की संबळाचा खर्ज पहिल्याकडे जातो, तुणतुण्याची तार आणि झांज दुसऱ्याकडे. मोठा पडदा हलवायचा व ठोका संपताच आवरायचा, तर भरपूर प्रवाह व घट्ट पकड हवी. ती ट्रान्झिस्टरपाशी असते. वरच्या भागाला दहा वॅट पुरतात, तेवढे व्हॉल्व्हची जोडी सहज देते. मात्र स्पीकरमागचे दोन जोड सांधणारी धातूची पट्टी आधी काढावीच लागते. नाहीतर दोन्ही अॅम्प्लिफायर एकमेकांवर उलटून बिघडतात. दोघांचा आवाज समान करण्यातही संध्याकाळ जाते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात व्हॉल्व्हची आच नकोशी होते, हेही खरे. तरी तुणतुणे मला तिकडूनच गोड लागते. हा कानाचा लाड असेल. मापनयंत्र बहुधा ट्रान्झिस्टरलाच कौल देईल.

डी फॉरेस्ट स्वतः ऑपेराचे वेडे होते. 1910 च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातून कारुसोचे गाणे त्यांनी बिनतारी प्रक्षेपित केले होते. जाळीचा अर्थ इतरांनी लावला. पण ती घालून पाहिली त्यांनीच, म्हणून मी त्यांना शोधकच म्हणतो. ट्रान्झिस्टरची जाहीर घोषणा 30 जून 1948 रोजी झाली. बरोबर 13 वर्षांनी, 30 जून 1961 रोजी, डी फॉरेस्ट हॉलिवूडमध्ये वारले. त्यांच्या बँकेच्या खात्यात तेव्हा सुमारे 1,250 डॉलर्स होते.